देवाने ठेवून घेतलेली दुर्बीण

"मिस्त्री, हे जरा सरळ करून द्या. दुपारच्याला घिऊन जातो," असं म्हणत गोमाभाऊंनी घोंगड्यात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक माझ्या बेंचवर ठेवलं आणि ते लगेच दाराकडे वळले.

"थांबा," मी म्हणालो.

घोंगडं सोडलं. आत आमच्या सेक्शनची एकुलती एक पोल सॉ होती. पंधरा दिवसांपूर्वी मी स्वतः तेल घालून दिली तेव्हा ती सरळ होती. आता मधोमध अशी वाकली होती, की दोरी बांधली असती तर धनुष्य म्हणून खपली असती.

"दुपारपर्यंत?" मी विचारलं.

"बरं, सांजच्याला," गोमाभाऊंनी मोठ्या मनाने मुदत वाढवून दिली.

ही साठ सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा एका वीज कंपनीच्या लोणावळ्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. फिटर म्हणजे मोडलेलं जोडणारा, अडकलेलं सोडवणारा आणि दोन्ही वेळा शिव्या खाणारा माणूस. लोणावळ्यापासून खाली परंदवडीपर्यंतची हाय टेन्शन लाइन आमच्या सेक्शनकडे होती. गोमाभाऊ लाइन क्लिअरिंग गँगचे मुकादम. या गँगचं काम एकच, लाइनखाली वाढलेली झाडं छाटायची. पावसाळ्यात ओली फांदी तारेला भिडली की लाइन ट्रिप होते, म्हणजे आपोआप बंद पडते, आणि मग पुण्यापर्यंत फोन वाजायला लागतात. म्हणून मृगाच्या आत सगळा पट्टा साफ व्हायलाच हवा. गँगमधले बाराही जण डोंगरातल्या एकाच वाडीचे. त्या वाडीचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून मला ओळखतात.

पोल सॉ म्हणजे लांब दांड्याची करवत. आमची होती ती टेलिस्कोपिक. अॅल्युमिनियमच्या तीन नळ्या एकीत एक बसवलेल्या. मिटवली की सात फूट, उघडली की अठरा. जोडाच्या जागी कॉलर, म्हणजे कडं, आणि ते आवळायला स्क्रू. टोकाला विळ्यासारखी वाकडी करवत, ती खाली ओढताना कापते. खालच्या टोकाला धरायला रबराची मूठ. आमचे असिस्टंट इंजिनीअर आपटे साहेब पुण्याहून बदलून आले, तेव्हा त्यांनी परदेशी कॅटलॉग बघून ती हौसेने मागवली होती. कॅटलॉगातल्या चित्रात एक मडम हॅट घालून सफरचंदाचं झाड छाटत होती. आमच्याकडे तेच काम गोमाभाऊ डोक्याला मुंडासं बांधून करायचे, एवढाच फरक.

गँग तिला दुर्बीण म्हणायची. लोणावळ्याच्या एका पॉइंटवर एक म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला दुर्बिणीतून दरी दाखवायचा. त्याच्या दुर्बिणीची नळी अशीच नळीतून बाहेर यायची. ते नाव इतकं रुळलं, की एकदा स्टोअरकीपरनेही रजिस्टरमध्ये 'दुर्बीण, एक नग' असं लिहून ठेवलं होतं आणि साहेबांनी ते लाल शाईने खोडलं होतं.

"कशानं वाकली?" मी विचारलं.

"फांदी पडली वरून."

"कशाची?"

"जांभळीची. ह्ये एवढाली." त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवले.

मी नळी उजेडात फिरवून पाहिली. एवढाली फांदी पडली तर खोक पडते, निदान ओरखडा तरी उठतो. इथे साधा चरा नव्हता. सालीचा कणही नव्हता. तसं मी म्हणालो, तर गोमाभाऊंनी जरा विचार केला.

"मंग बैलगाडी ग्येली आसंल वरनं. पोरांनी मला सांगितलं न्हाई."

"आसंल?"

"गेलीच."

गाडीचं चाक गेलं तर नळी एका जागी चेपते. ही चेपली नव्हती. दोन हातांच्या लांबीत सावकाश बाक आला होता. त्या बाकाच्या दोन्ही बाजूंना, सारख्याच अंतरावर, दोरी घासून नळी चकचकीत झाली होती. म्हणजे दोन दोऱ्यांनी मधे काहीतरी टांगलं होतं आणि दांडा दोन्ही टोकांना उचलून धरला होता. आधी मला कावड वाटली. पण कावडीचं ओझं टोकांना असतं आणि खांदा मधे. इथे सगळं उलटं. मी कॉलरचा स्क्रू सैल केला, तर बेंचवर चिमूटभर गुलाबी भुकटी सांडली. बोटाला लावून वास घेतला. गुलाल होता.

"गोमाभाऊ," मी म्हणालो, "मागच्या आठवड्यात तुमच्या वाडीत भैरोबाचा उत्सव होता ना?"

"व्हता की."

"पालखी निघाली?"

गोमाभाऊंनी मुंडासं काढलं, झटकलं, परत बांधलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही राम उरला नाही, हे त्यांना कळलं असावं. ते बेंचशेजारच्या खोक्यावर बसले.

"निघाली ती निघाली, मिस्त्री, पन देवळाच्या दारातच दांडी मोडली. आमच्या आज्याच्या वक्ताची शिसवी दांडी. वरून दिसायला झ्याक, आतनं वाळवीनं पार भुगा केलता. आन देव उंबऱ्याच्या बाहीर आलता! एकदा बाहीर आल्यावर शिवंला जाऊनच माघारी यायचं, मधनं फिरायचं न्हाई. आता त्या वक्ताला दुसरी दांडी कुटनं आनायची?"

"आणि तुमच्या घरात दुर्बीण होती."

"माझ्याच घरात व्हती. पन नियमाप्रमाणं केलं सगळं. करवत काढली, वरची बारकी नळी काढली, फडक्यात गुंडाळून ठिवली. दोन नळ्याच घेतल्या. दहा फूट भरल्या बगा, बरोब्बर दांडीयेवढ्या!"

शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचे डोळे चमकले. खरं सांगायचं तर मापाच्या बाबतीत मलाही कौतुक वाटलं.

"मग वाकली कशी? देवाचं ओझं काही इतकं नसतं."

"शिवंपतुर काय बी झालं न्हाई. मंग वड्याकाठी पाव्हनं म्हनाले, तुमची पोरं पालखी नाचवत्यात का नुसती मिरवत्यात." गोमाभाऊंनी मान खाली घातली. "मंग पोरांनी नाचवली."

पाहुण्यांनी डिवचल्यावर पोरांनी ती कशी नाचवली असेल, हे मी डोळ्यांपुढे आणू शकलो. माझं गाव इंदुरी. पालखी काय असते ते मला कुणी सांगायला नको. देव, पालखी, वर पितळी छत्र, नारळांची तोरणं, असा सगळा मिळून दीड-दोन मणांचा भार, आणि तो आठ जण खांद्यावर उड्या मारत खालीवर करतायत. सफरचंदवाल्या मडमेने हे कधी केलं नसणार.

मी हसत होतो, पण गोमाभाऊ हसत नव्हते. त्याला कारण होतं. अकरा वर्षं ते मुकादमाचं काम टेंपररी म्हणून करत होते. कायम करण्याच्या फायलीचं घोंगडं तेवढीच वर्षं भिजत पडलं होतं. या वर्षी ती फाइल सरकत सरकत आपटे साहेबांच्या टेबलावर आली होती. आणि पंचेचाळीस ओलांडली की नियमाने संधी संपायची. गोमाभाऊंची खरी जन्मतारीख त्यांच्या आईलाही सांगता आली नसती, पण कंपनीच्या कागदावर ते येत्या आषाढात पंचेचाळीस पूर्ण करणार होते. म्हणजे ही शेवटची गाडी होती. ती चुकली तर म्हातारपणी पुन्हा रोजंदारीवर कुदळ धरायची.

"साहेबाला ठावं व्हायच्या आत सरळ करा, मिस्त्री. तुमच्या पाया पडतो."

"पाया पडू नका. तुम्ही वयाने मोठे आहात. पोल सॉ ठेवून जा."

अॅल्युमिनियम हा मोठा मानी धातू. एकदा वाकवलेलं तो निमूट सोसतो, दुसऱ्यांदा वाकवायला गेलं की तडकतो. लोखंडासारखं तापवून ठोकावं म्हटलं तर मऊ पडतो आणि मग कायमचा नाजूक होतो. तेव्हा हे काम थंडच करायचं आणि सावकाश करायचं. मी इंद्रायणीची बारीक वाळू तव्यावर भाजून कोरडी केली. आतल्या नळीत ती ठासून भरली आणि दोन्ही तोंडांना लाकडी गुडद्या, म्हणजे बुचं, मारली. वाळू भरली की नळी वाकवताना चेपत नाही, आतून आधार मिळतो. मग लाकडाचे खोलगट ठोकळे करून स्क्रू प्रेसमध्ये दोन्ही नळ्या एकत्रच थोड्या थोड्या सरळ करत गेलो. एक आटा फिरवायचा, थांबायचं, दोरी धरून बघायचं, पुन्हा अर्धा आटा. त्यातच पहिला दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी आतली नळी बाहेर काढायची होती. दोन नळ्यांच्या मधे गुलाल, घाम आणि नारळाचं पाणी यांचं असं काही सिमेंट झालं होतं, की कुठल्याही कंपनीने त्याचं पेटंट घ्यावं. रॉकेल ओतलं, लाकडी हातोड्याने टिचक्या मारल्या, आणि नळी एकदम सुटून बाहेर आली. तिच्याबरोबर पावशेर गुलाल आला. नेमके तेव्हाच आपटे साहेब दारात उभे राहिले.

माझे हात गुलाबी, शर्ट गुलाबी, बेंच गुलाबी.

"मिस्त्री, होळी होऊन महिना झाला," साहेब म्हणाले.

"रंग लागला, साहेब."

"पोल सॉ डॅमेज झाली म्हणे. स्टोअरकीपर सांगत होता." साहेब जवळ आले. माणूस तसा वाईट नव्हता, पण रजिस्टरचा प्रत्येक रकाना भरल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे. "रिपेअर करताय ते ठीक. पण डॅमेज रिपोर्ट लागेल. त्यात कॉज ऑफ डॅमेज स्पष्ट लिहा. गोमाजीची कन्फर्मेशनची फाइल माझ्याकडे आहे. निग्लिजन्स असेल तर निग्लिजन्स लिहा, मी फाइल परत पाठवतो. सोमवारी द्या."

ते गेले. मी गुलाबी हातांनी तसाच उभा राहिलो. आत्तापर्यंत गोमाभाऊंची परीक्षा होती, आता ती माझीही झाली. खोटं लिहायची मला सवय नव्हती. खरं लिहिलं तर एका माणसाची अकरा वर्षं माझ्या एका ओळीत बुडणार होती. मला त्या फॉर्मचा मनापासून राग आला.

चौथ्या दिवशी दोन्ही नळ्या सरळ झाल्या. ताणलेल्या दोरीला नळी बरोबर लागली. आतली नळी बाहेरच्या नळीतून लोण्यातून सुरी फिरावी तशी सरकायला लागली. एवढं चांगलं काम माझ्या हातून फार वेळा झालेलं नाही, हे मी अजूनही सांगतो. मी निरोप धाडला. गोमाभाऊ आले, त्यांच्याबरोबर गँगमधले तिघं आले. मी दुर्बीण पुढे केली. चौघांनीही चपला दाराबाहेर काढल्या आणि तिला हात जोडले.

"घ्या की," मी म्हणालो.

कुणी पुढे होईना. शेवटी गोमाभाऊ चाचरत म्हणाले, "मिस्त्री, एक घोटाळा झालाय. वाडीतली जुनी मानसं म्हंत्यात, जिच्यावर देव बसला, तिच्यानं आता लाकडं तोडायची न्हाईत. पोरं बी हात लावंनात. ही आता देवाची दांडी झाली."

माझे चार दिवस माझ्या डोळ्यांपुढून गेले. "मग मला सरळ करायला कशाला दिली?"

"आता देवाची दांडी वाकडी कशी ठिवायची?" गोमाभाऊ म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नव्हता.

मी म्हणालो, यातून काही वाट असेलच ना. वाट होती. देवाला कौल लावायचा. कौल म्हणजे देवाची परवानगी. मूर्तीच्या उजव्या आणि डाव्या खांद्याला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. साहेबांना सोमवारी रिपोर्ट हवा होता. रविवारी सकाळच्या गाडीने मी मळवलीला उतरलो आणि दीड तास डोंगर चढलो. कंपनीचा एक फिटर कंपनीचं हत्यार परत मिळावं म्हणून देवाकडे अर्ज घेऊन चालला होता.

देऊळ लहान, कौलारू. बाहेर सगळी वाडी जमलेली. बुधाआबा म्हणून ऐंशीच्या घरातले भगत होते, कौल तेच लावत. मी नम्रपणे म्हणालो, "आबा, हत्यार कंपनीचं आहे. पाकळ्या मी लावल्या तर चालेल का?"

"लाव की," आबा म्हणाले. "देव काय हात बगून बोलतो व्हय."

खरं सांगतो, माझ्या मनात पाप होतं. डावी पाकळी पडता कामा नये म्हणून मी तिला भरपूर पाणी लावलं आणि घट्ट दाबून बसवली. उजवीला नुसता ओला हात लावला. आबांनी डोळे मिटून प्रश्न विचारला. जास्त पाण्यामुळे डावी पाकळी जड होऊन सुळ्ळकन घसरली आणि खाली पडली. उजवी जागची हलली नाही. जन्मभर तेलपाणी करणाऱ्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"न्हाई म्हनतो," आबांनी निकाल दिला.

मी ओट्यावर येऊन बसलो. गोमाभाऊंचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांच्या घरातून चहा आला, कुणी प्यायला नाही. मी वैतागून म्हणालो, "आबा, दहा फूट नळी तर आहे नुसती. बाजारात कुठलीही लाकडी दांडी मिळेल. देवाला हीच कशाला हवी?"

"नुस्ती नळी न्हाई ती, बाबा," आबा म्हणाले. "सत्व हाय तिच्यात. म्हनून तर त्या दिशी पोरांनी तीच आनली. ईचार त्यास्नी."

मी एका पोराकडे पाहिलं. तो सहज म्हणाला, "व्हय मिस्त्री. इतर येळंला गप असती. पन लाइनीखाली उभी क्येली का जागी व्हती. हाताला झिनझिन्या येत्यात. कवा कवा कोपरापतुर. आमी आधी पाया पडतो, मंग छाटाय लागतो."

मी त्याचा हात धरून तळवा उलटसुलट करून पाहिला.

हे वाचकांना जरा समजावून सांगतो. हाय टेन्शन लाइनखाली विजेचा न दिसणारा पसारा असतो. तिथे धातूची लांब वस्तू उभी धरली, की तारेला न लागताही तिच्यात थोडी वीज उतरते. त्याच्याच त्या झिणझिण्या. तेवढ्याने माणूस मरत नाही. पण ती ताकीद असते, की तुझ्या हातात आहे त्यातून वीज सुखाने वाहू शकते. तोल जाऊन टोक तारेजवळ गेलं, तर पाया पडायलाही वेळ मिळणार नाही. ती दुर्बीण सफरचंदाच्या बागेसाठी केली होती. बागेवरून तारा जात नसतात. कोरडं लाकूड असतं तर प्रश्न नव्हता. आम्ही त्या पोरांच्या हातात अठरा फुटांची अॅल्युमिनियमची कांडी देऊन त्यांना चौदा महिने तारेखाली उभं केलं होतं.

"रबराची मूठ असते ना खाली? तिथे धरता ना?" मी विचारलं.

"तितं धरून जोर लागत न्हाई. आमी वर धरतो."

चौदा महिने दर महिन्याला मी तिला तेल घातलं होतं. स्क्रू तपासले होते, करवतीला धार लावली होती. ती धातूची का, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. त्या पोरांना मात्र तिच्यात काहीतरी आहे हे कळलं होतं, आणि त्यांनी ते आपल्या परीने ओळखून तिला हातही जोडले होते. मला त्या ओट्यावर फार लाज वाटली. मी उठलो आणि बुधाआबांना म्हणालो, "देवाला सांगा, ठेवून घे. आम्ही परत मागत नाही."

सोमवारी सकाळी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि आधी झिणझिण्यांचं सांगितलं. साहेब ताठ झाले.

"तारेपासून एट फीट क्लिअरन्सचा रूल आहे. आणि ग्रिप इन्सुलेटेड आहे. कॅटलॉगमध्ये लिहिलंय."

"कॅटलॉगमध्ये लाइनचं चित्र आहे का, साहेब?"

साहेबांनी कपाट उघडलं, कॅटलॉग काढला, ते पान शोधलं. बराच वेळ ते त्या मडमेकडे बघत राहिले. मग त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती महिने वापरली आपण?"

"चौदा."

"किती जणांनी?"

"बारा."

शिपाई चहा ठेवून गेला, तो तसाच राहिला. मग त्यांनी हळूच विचारलं, "आणि वाकली कशानं?"

मी खोटं बोलणार नव्हतो. वाळवीपासून वड्याकाठच्या पाहुण्यांपर्यंत आणि गुलालापासून कौलापर्यंत सगळं सांगितलं. पाकळीला जास्त पाणी लावलं तेही सांगितलं. साहेबांच्या ओठांचा कोपरा एकदा हलल्यासारखा वाटला, पण मी शपथेवर सांगू शकणार नाही.

"म्हणजे डॅमेज झालं नसतं तर ती आजही लाइनखाली असती," ते म्हणाले.

"व्हय," मी म्हणालो. तोंडातून गावचंच आलं.

त्यांनी माझ्या हातातला कोरा फॉर्म घेतला आणि स्वतः लिहायला बसले. लिहून झाल्यावर माझ्याकडे सरकवला. कारणाच्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं होतं, की सदर हत्यार चालू लाइनजवळच्या कामाला अयोग्य असल्यामुळे कायमचं काढून घेतलं आहे. खाली आणखी एक ओळ होती. ती कुणी मागितली नव्हती, कुठल्या रकान्यातही बसत नव्हती. 'मागणी माझी होती.' त्याखाली सही.

"साहेब, वाकण्याचं काहीच लिहिलं नाहीत," मी म्हणालो.

"काढून घेतलेलं हत्यार वाकलं की सरळ राहिलं, याच्याशी कंपनीला काय करायचंय?" साहेब म्हणाले आणि त्यांनी थंडगार चहाचा घोट घेतला.

दुर्बिणीच्या जागी आम्ही बांबू घेतला. ती सूचना गोमाभाऊंची. त्यांच्या वाडीत मेस जातीचे बांबू ओढ्यात भिजवून, वाळवून, मग चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर धुरात ठेवतात. त्याला कीड लागत नाही आणि तो खडखडीत कोरडा राहतो. असे दोन बांबू आणले. जोडाला मी लाकडाचीच खोबण केली आणि वर दोरीचे वेढे देऊन राळ ओतली. साहेबांनी स्वतः मेगर लावून तो तपासला. मेगर म्हणजे एखाद्या वस्तूतून वीज किती अडते ते दाखवणारं यंत्र. काटा शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. आठ फुटांचा नियम कायम ठेवला, आणि तो पाळला जातोय का हे बघायला साहेब आठवड्यातून दोनदा लाइनवर जायला लागले. ओल्या दिवशी बांबूही काढायचा नाही, असा नवा नियम त्यांनी मराठीत लिहून लावला. मृगाच्या चार दिवस आधी परंदवडीपर्यंतचा पट्टा साफ झाला.

साहेबांच्या त्या जादा ओळीमुळे हेड ऑफिसने त्यांच्याकडे खुलासा मागितला. त्यांचं प्रमोशन वर्षभर लांबलं. त्याबद्दल ते कधी कुणाला बोलले नाहीत. गोमाभाऊ मात्र ज्येष्ठातच कायम झाले. ऑर्डर वाचता येत नव्हती म्हणून ते ती घेऊन माझ्याकडे आले. मी मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी पुन्हा वाचायला लावली. तिसऱ्यांदा वाचताना मी त्यांच्या नावापाशी अडखळलो, तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या आता, कळलं."

देवाच्या दांडीत मी सागाचा गाभा ठोकून बसवून दिला, म्हणजे पाहुणे काय वाटेल ते म्हणोत, ती वाकणार नाही. पुढच्या चैत्रात वाडीने आपटे साहेबांना मानाने बोलावलं. विज्ञानाच्या बाजूचा माणूस, नको नको म्हणत आला आणि पालखीला खांदा देऊन मोकळा झाला. कोट गुलालाने माखला. परतताना साहेब मला म्हणाले, "मिस्त्री, पाकळीला पाणी किती लावायचं याचं काही स्टँडर्ड असायला हवं."

पुढे वीसेक वर्षं मी नोकरी केली. नवीन हत्यार आलं की साहेब लोक आधी कॅटलॉग वाचतात, मीही वाचायचो. पण त्याआधी ते हत्यार धरणाऱ्याला विचारायचो, धरल्यावर हाताला काय वाटतं. उत्तरात देव आला तरी ते लिहून घ्यायचो.